तीळगूळ कोणाच्या हातचा?

जानेवारी जवळ आला की आपल्या वस्त्यांमधून एक वाद हमखास उभा राहतो. बौद्धांच्या घरात तीळगूळ करावा की नाही? घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरापासून मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांपर्यंत कुठल्याही विहारात रविवारच्या वंदनेनंतर हा विषय काढून पाहा. एखादा तरुण कार्यकर्ता ताडकन उठून सांगेल की संक्रांत हा मनुवाद्यांचा सण आहे, बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या आहेत, तेव्हा तीळगुळाला हात लावायचा नाही. कोपऱ्यात बसलेली एखादी आजी म्हणेल, बाळा, तीळ आमच्या रानात पिकत होता, त्याला कुठे जानवे घातलेले होते? मग हशा पिकतो, दोन-चार जणांचा आवाज चढतो, आणि वाद पुढच्या वर्षापर्यंत तहकूब होतो.

या वादात एक बाई कुठेच नसते. त्याच वेळी, त्याच वस्तीत, दहा बाय बाराच्या खोलीत शेगडीसमोर बसून दुसऱ्यांच्या संक्रांतीसाठी किलोकिलोने तीळगूळ वळणारी आपलीच बाई. या लेखाचा विषय ती आहे. पण आधी तो वाद निकालात काढू, म्हणजे तिच्याकडे नीट वळता येईल.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा एकदा शांतपणे वाचाव्यात. त्यांत देवदेवता नाकारल्या आहेत, अवतार नाकारला आहे, श्राद्ध आणि पिंडदान नाकारले आहे, ब्राह्मणाच्या हातून करायची क्रियाकर्मे नाकारली आहेत. खाण्यापिण्यात स्पष्ट मनाई एकाच गोष्टीची आहे आणि ती दारूची. तीळगुळावरून तावातावाने भांडणाऱ्या काही मंडळींनी त्या एका प्रतिज्ञेचे काय केले, हे ज्याचे त्याने पाहावे.

तेव्हा कर्मकांड वेगळे आणि अन्न वेगळे. सुगडाची पूजा, वाण, हळदीकुंकू हे सगळे कर्मकांड. त्याच्याशी आपला संबंध नाही. पण थंडीत तीळ, शेंगदाणे, गूळ, बाजरी खाणे ही कोणा भटजीने काढलेली युक्ती नव्हे. तिळात जवळजवळ निम्मे तेल असते, थंडीत अंगाला स्निग्धता लागते, आणि त्याच सुमाराला उसाचा नवा गूळ बाजारात येतो. रानात राबणाऱ्या माणसाने हे पोटाने ओळखले, धर्म नंतर त्यावर येऊन बसला. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण आपल्या आजा-आजींनीही ऐकली होती. फरक एवढाच की तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा ज्यांच्या ताटात होता त्यांनी ती म्हण केली, आणि ज्यांच्या ताटात नव्हता ते रोगी राहिले ते भोगी न खाल्ल्यामुळेच, असा आरोपही वर सहन केला. (गुळाचे गोडवे गाताना हेही सांगितले पाहिजे की गुळात थोडेफार लोह असले तरी तो शेवटी साखरेचाच भाऊ आहे. मधुमेह झालेल्या काकांना ‘गूळ चालतो’ म्हणून लाडू भरवू नयेत.)

संक्रांतीच्या खगोलशास्त्राचा जो बडेजाव सांगितला जातो त्याबद्दलही दोन शब्द. सूर्याचे उत्तरेकडे सरकणे सुरू होते ते २१-२२ डिसेंबरला. पंचांगातली मकर संक्रांत त्यानंतर तीन आठवडे उलटल्यावर येते, आणि तीही दर सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, त्या दिवशी मकर संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. म्हणजे तारीखच जागेवर राहत नाही. तरी दरवर्षी संक्रांत कोणत्या वाहनावर बसून आली, कोणते वस्त्र नेसली, कोणावर वाईट आहे, याच्या अफवा उठतात आणि आपल्याही काही घरांत कुजबुज होते. दुसऱ्या दिवशीच्या किंक्रांतीला म्हणे देवीने किंकरासुराला मारले. किंकर या शब्दाचा अर्थ सेवक, दास. नावावरून इतिहास काढू नये हे मला मान्य आहे. पण सेवकाला मारल्याचा दिवस सेवकांच्याच वंशजांनी कशाला पाळायचा, एवढा प्रश्न तरी पडायला हरकत नाही.

आपल्यासाठी १४ जानेवारीचा अर्थ निराळा आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर जे काही झाले ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. पोचीराम कांबळेंचा खून झाला. लाँग मार्च निघाला. गौतम वाघमारेंनी १९९३ मध्ये नांदेडला स्वतःला जाळून घेतले. ठराव झाल्यापासून साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामांतराऐवजी नामविस्तार झाला. बाबासाहेबांचे नाव आले आणि ‘मराठवाडा’ही राहिले. दिवस कोणता, तर संक्रांतीचा. जुने विसरा, तीळगूळ घ्या, गोड बोला. ज्यांची घरे जाळली गेली त्यांनाच गोड बोलायला सांगण्याची ही रीत आपल्या समाजाला चांगली परिचयाची आहे. तेव्हा त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये जे कार्यक्रम होतात, त्यांत तीळगूळ वाटला तरी गोड बोलण्याची अट आपल्यावर नाही, हे लक्षात असावे.

वाद इथे संपला असे मी समजतो. आता त्या बाईकडे.

डिसेंबर निम्मा उलटला की उपनगरांत तीळगुळाच्या ऑर्डरी सुरू होतात. स्टेशनबाहेरची दुकाने, मिठाईवाले, सोसायट्यांची महिला मंडळे, ऑफिसांतले हळदीकुंकू, लोकलच्या लेडीज डब्यातले वाटप, पतपेढ्यांचे स्नेहमेळावे, नगरसेवकांच्या नावाची पाकिटे. या सगळ्यांना लागणारा लाडू कारखान्यात होतोच असे नाही. ‘घरगुती’ असे लिहून जो विकला जातो तो खरोखरच कुणाच्या तरी घरात झालेला असतो. ते घर बहुधा वस्तीतले असते. त्यातली बरीच घरे आपली असतात.

हे काम सोपे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पाच किलोचा घाणा काढून पाहावा. तीळ आधी निवडायचे. खडा राहिला तर एका दातामागे अख्खी ऑर्डर परत येते. मग मंद आचेवर थोडे थोडे भाजायचे. तीळ तडतडायला लागले, रंग जरासा गुलाबी झाला की उतरवायचे. दोन मिनिटे जास्त झाली तर तीळ कडू, आणि कडू तीळ कितीही गुळात लपत नाही. शेंगदाणे भाजून, साले चोळून, पाखडून जाडसर कूट करायचे. सुके खोबरे किसून वेगळे भाजायचे. वेलदोडा कुटायचा. हे सगळे होईस्तोवर गुळाला हातही लागलेला नसतो.

खरी परीक्षा पाकाची. चिकीचा गूळ किसून थोड्या तुपावर चढवायचा आणि ढवळत राहायचे. फेस येतो, रंग बदलतो. थंड पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकायचा. त्याची गोळी झाली आणि ताटलीवर टाकल्यावर ‘टण’ असा आवाज आला की पाक झाला. आधी उतरवला तर लाडू मऊ पडून पाकिटात एकमेकांना चिकटतात. उशीर झाला तर ते दगड होतात, आणि मग सोसायटीतल्या म्हाताऱ्या काकू कवळी हातात घेऊन तक्रार करतात. हा क्षण थर्मामीटर न वापरता नुसत्या कानाने ओळखणारी बाई पाचवी शिकलेली असेल, पण तिला अकुशल कामगार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपण मात्र तिला ‘घरीच असते, थोडेफार लाडूबिडू करते’ असे म्हणतो.

पाक झाला की तीळ-कूट त्यात ओतायचे आणि गरम असतानाच वळायचे. इथे वेळेचे गणित येते. दहा ग्रॅमचा छोटा लाडू धरला तर किलोत शंभर लाडू. सराईत हात मिनिटाला सहा-सात लाडू वळतो, म्हणजे एका बाईला किलोभर वळायला पाव तास हवा. पण घाणा चार-पाच मिनिटांतच आळतो. म्हणून किलोला तीन जोड्या हात लागतात, आणि दहा किलोची ऑर्डर असेल तर शेजारणी, नणंदा, शाळेतून आलेल्या मुली सगळ्या परातीभोवती बसतात. तळहाताला तूप किंवा पाणी लावायचे आणि चटके खायचे. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात या बायकांचे तळवे पाहावेत. लाल झालेले असतात, बोटांच्या पेरांना फोड असतात. त्याच हातांनी सकाळी चार घरची धुणीभांडी असतात.

काटेरी हलव्याची गोष्ट तर याहून अवघड. परातीत तीळ किंवा खसखस, खाली मंद विस्तव, वर चमच्याने थेंब थेंब पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहायचे. एकेका दाण्यावर काटा फुलायला दिवस लागतात. त्या हलव्याचे दागिने होतात, नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला ते घालून फोटो काढतात. फोटोत कौतुक सासूचे होते.

आता पैशाचा हिशेब. आकडे समजण्यापुरते धरतो, ज्यांच्या भागात भाव वेगळे असतील त्यांनी आपले घालून पाहावेत. एक किलो लाडवांना चारशे ग्रॅम तीळ, चारशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम शेंगदाणे. तीळ २४० रुपये किलोने धरला तर ९६ रुपये. गूळ ८० ने, ३२ रुपये. शेंगदाणे १६० ने, ३२ रुपये. झाले १६०. तूप-वेलची १५, गॅस १५, पाकीट आणि लेबल १५. एकूण २०५. पुरवठादार तिच्याकडून किलो २५० ने उचलतो असे धरा. हाती उरले ४५ रुपये. निवडणे, भाजणे, कुटणे, पाक, वळणे, भरणे हे सगळे मिळून किलोमागे एका माणसाचे दीड तासाचे काम धरले, तर तासाला ३० रुपये पडतात. तोच लाडू दुकानात पाचशेला गेला तर वरचे अडीचशे कोणाचे, हा हिशेब तिला कोणी विचारू देत नाही. आणि ती तो विचारत नाही, कारण यंदा विचारले तर पुढच्या वर्षी ऑर्डर शेजारच्या गल्लीत जाईल. तिथेही आपलीच बाई बसलेली आहे. दोघींना एकमेकींच्या भावाने पाडले जाते.

पुरवठादार परका असेल तर आपण शोषण म्हणून ओरडतो. पण आपल्याच जयंती मंडळांचे, आपल्याच कार्यकर्त्यांचे काय? नामविस्तार दिनाला पाचशे पाकिटे हवी असतात तेव्हा ‘ताई, समाजाचे काम आहे’ म्हणून किलोमागे वीस रुपये कमी करायला लावणारे आपलेच असतात. बॅनरवाल्याला, डीजेवाल्याला, मंडपवाल्याला कोणी समाजाचे काम म्हणून पैसे कापत नाही. ते कापले जातात ते बाईच्या हातचे.

पैशाइतकाच कळीचा प्रश्न नावाचा आहे. त्या पाकिटावर दुकानाचे नाव असते, किंवा कुठल्या तरी काकूंचे, मावशींचे, आजींचे नाव असते. लाडू वळणाऱ्या बाईचे नसते. कधी तीच नको म्हणते. कारण तिला ठाऊक असते की ज्या सोसायट्यांमध्ये हा लाडू जातो तिथे आडनाव वाचले जाते. कुणी तोंडावर काही बोलणार नाही. मुंबईत कोण जातपात पाळतो, असेच म्हणतील. फक्त पुढच्या वर्षी ऑर्डर येणार नाही.

हा निव्वळ संशय आहे असे म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ आठवावा. पुण्यात हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसांत तक्रार दिली की आपल्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने जात लपवली आणि सुवासिनी असल्याचे खोटे सांगितले. पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. गदारोळ झाला तेव्हा तक्रार मागे घेतली गेली. ध्यानात घ्या, ती स्वयंपाकीण बौद्ध नव्हती, मराठा होती. श्रेणीबद्ध विषमतेत एक पायरी खालच्या हाताचीही ही गत, तर आपल्या बाईने पाकिटावर कांबळे किंवा गायकवाड लिहायचे की नाही, याचा तिने दहादा विचार केला तर दोष कोणाचा? २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपण कुठल्या ना कुठल्या स्वरूपात अस्पृश्यता पाळतो असे स्वतःहून कबूल केले होते. हे कबूल करणाऱ्यांचे प्रमाण झाले.

आणि ‘सुवासिनी’ हा शब्दही सोडून देऊ नका. लाडू वळणाऱ्यांमध्ये विधवा आणि टाकलेल्या बायका पुष्कळ असतात, कारण ज्यांना दुसरा आधार नाही त्याच रात्री बारापर्यंत परातीसमोर बसतात. तिच्या हातचा लाडू हळदीकुंकवाच्या ताटात चालतो. ती स्वतः त्या ताटासमोर चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. एका खेड्याने जे धाडस केले ते मुलुंड-बोरिवलीच्या सुशिक्षित सोसायट्यांच्या महिला मंडळांना जमायला काय हरकत आहे? आपल्या विहारांतही १४ जानेवारीला हळदीकुंकवाला ‘स्नेहमेळावा’ म्हणून मागच्या दाराने आत घेतले जाते. तिथे खुर्च्या कोणाला पुढे मिळतात ते एकदा पाहून या.

कोल्हापूरचे नाव निघाले म्हणून आणखी एक आठवण. गुळाच्या व्यापारासाठी १८९५ मध्ये शाहूपुरी ही पेठ वसवणारे राजर्षी शाहू महाराज आपल्याला ठाऊक आहेत. त्याच शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना कोल्हापुरात चहाचे दुकान काढायला लावले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः त्या दुकानासमोर गाडी थांबवून चहा मागवीत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही पाजीत. गंगारामाला त्यांनी असे सांगितले नाही की नाव लपव, धंदा कर. एकत्र खाण्यापिण्याने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिसंहारा’च्या भाषणात स्पष्ट केलेच आहे, तेव्हा लाडवाच्या पाकिटाने क्रांती होईल असा माझा दावा नाही. पण गिऱ्हाईक मिळावे म्हणून बाईने आपले नाव पुसायचे आणि त्या पुसलेल्या नावावर तिसऱ्याने नफा कमवायचा, हे तरी आपण चालू देऊ नये.

तीळगुळातला गूळ कुठून येतो तेही या हिशेबात धरले पाहिजे. कारखान्याला जाणारा ऊस असो की गुऱ्हाळाला, तो कोणी तरी वाकून तोडलेला असतो. गुऱ्हाळात चुलवाणापुढे धगीत उभे राहून चिपाड सारणारा माणूस असतो, कढईवर नजर ठेवणारा गुळव्या असतो. संक्रांतीच्या दिवशी आपण लाडू खातो तेव्हा बीडसारख्या जिल्ह्यांतली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल डोक्यावर, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीत खाडा नको म्हणून आणि डॉक्टरांनी भीती घातली म्हणून या बायकांनी गर्भाशये काढून टाकली. २०१९ मध्ये हे चव्हाट्यावर आले. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांत आपल्या समाजाच्या बाया आहेत, वंजारी आहेत, भटक्या-विमुक्तांतल्या आहेत. ज्या मराठवाड्यात नामांतरासाठी आपली घरे जळाली त्याच मराठवाड्यातून त्या येतात. उपनगरातल्या वस्तीत लाडू वळणाऱ्या किती जणींची माहेरे तिकडचीच आहेत, १९७२ च्या दुष्काळात आलेल्यांच्या लेकी-सुना किती आहेत, हे वस्तीत बसून विचारले तर कळेल.

मग करायचे काय? तीळगूळ बंद करा, असे सांगणाऱ्याने त्या बाईला जानेवारीचे भाडे द्यावे. मला वाटते करायचा आणि उघडपणे करायचा. दोन-तीन गोष्टी तर आजच्या आज हातात आहेत.

एकीने एकटीने भाव सांगितला तर तिला पाडता येते, गल्लीने मिळून सांगितला तर अवघड जाते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती आजची लिज्जत. तिथे पापड लाटणारी बाई नोकर नसते, भागीदार असते. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. आपल्याकडे बचत गट गल्लोगल्ली आहेत, पण बहुतेकांचा उद्योग कर्ज काढणे आणि हप्ता फेडणे यापलीकडे जात नाही. डिसेंबरात तीळ-गूळ घाऊक बाजारातून एकत्र आणला, एका वस्तीचा एकच भाव ठरवला, तर वर धरलेल्या हिशेबात ४५ चे ९० व्हायला वेळ लागणार नाही. अन्न सुरक्षा कायदा, २००६ खाली लहान उत्पादकाला नोंदणी करता येते, तीही करून घ्यावी. नोंदणीचा क्रमांक पाकिटावर आला की दुकानदाराची ‘तुमच्याकडे कागद कुठे आहे’ ही सबब संपते.

जागेचा प्रश्न याहून मोठा आहे. रमाबाई नगर-कामराज नगरच्या पुनर्विकासाचे काम सुरू झाले आहे. आजवर दारात शेगडी मांडून, गल्लीत परात ठेवून पाच-सहा जणी बसायच्या. उद्या चौदाव्या मजल्यावर ती गल्ली नसणार. तीनशे चौरस फुटांच्या घरात दहा किलोचा घाणा निघत नाही, आणि निघालाच तर शेजारी धुराची तक्रार करणार. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी, कल्याण केंद्र यांच्या जोडीला महिला उद्योजकता केंद्राचीही तरतूद आहे. बिल्डर आणि सोसायटीचे पदाधिकारी त्या खोलीचे पुढे काय करतात हे मुंबईतल्या कुठल्याही एसआरए इमारतीत जाऊन पाहावे. कुलूप, नाही तर कुणाचे तरी ऑफिस. ती खोली बायकांच्या सामाईक स्वयंपाकघरासाठी मिळाली पाहिजे, पाण्याच्या आणि गॅसच्या जोडणीसकट. पुनर्विकासाच्या बैठकांत पार्किंगवर दोन तास बोलणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी यावर दहा मिनिटे तरी बोलावे. नकाशे मंजूर होऊन गेल्यावर बोलून उपयोग नाही.

आणि नामविस्तार दिनाचे कार्यक्रम करणाऱ्या मंडळांना एक विनंती. यंदाचा तीळगूळ वस्तीतल्याच बायकांकडून घ्या, त्या सांगतील त्या भावाने घ्या, आणि पाकिटावर त्यांच्या गटाचे आणि वस्तीचे नाव ठळक छापा. ‘गोड बोला’च्या जागी पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांची नावे आणि २७ जुलै १९७८ ते १४ जानेवारी १९९४ एवढ्या तारखा छापल्या तरी पुरे. ऑर्डर मात्र जानेवारीच्या दहा तारखेला देऊ नका. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परत आलात की त्याच आठवड्यात द्या आणि निम्मे पैसे आगाऊ द्या, कारण संक्रांत जवळ आली की तिळाचा भाव चढतो आणि तो चढलेला भाव तिच्याच मजुरीतून जातो.